फुकटचे अर्थशास्त्र आणि सात रस्त्याचा कट्टा

खासगी क्लासनी फी वाढवल्याची बातमी सगळ्यांनी सकाळीच वाचलेली होती, त्यामुळे सात रस्त्याच्या कट्ट्यावर तिची उजळणी झाली नाही. वाद पेटला तो नागनाथअण्णांच्या एका वाक्याने. "अर्थशास्त्र आणि संख्याशास्त्र शिकायला शिक्षक लागतो, दुकानदार लागत नाही," असे ते म्हणाले आणि स्वतःचा क्लास चालवणाऱ्या सरांनी चहाचा कप खाली ठेवला.

जे फुकट मिळते त्याची विद्यार्थ्याला किंमत राहत नाही, हे सरांचे ठरलेले उत्तर. प्रवेशाच्या हंगामात ते जरा वरच्या पट्टीत ऐकू येते, एवढाच काय तो फरक. अण्णांची उभी नोकरी सूतबाजारातील एका पेढीवर हिशेब लिहिण्यात गेली आणि निवृत्तीनंतर त्यांनी खान अकॅडमीच्या फुकट ऑनलाइन धड्यांवर संख्याशास्त्र नव्याने गिरवले, तेव्हा त्यांच्यापुढे हे वाक्य टिकणे अवघडच होते. "एनपीटेल या ऑनलाइन अभ्यासमंचावर आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्याने फुकट ऐकता येतात, पैसे पडतात ते प्रमाणपत्राच्या परीक्षेला. तुम्ही ज्ञान आणि कागद यांची फी एकत्रच घेता, त्यातली ज्ञानाची किती, तेवढे सांगा," असे त्यांनी शांतपणे विचारले.

सर काही बोलणार तोच गिरीश मध्ये पडला. राइस विद्यापीठाच्या ओपनस्टॅक्सची फुकट पाठ्यपुस्तके, कोअर या मोफत अभ्यासप्रकल्पाचे अर्थशास्त्राचे पुस्तक, रिझर्व्ह बँकेची आकडेवारीची हँडबुके असे सारे त्याने उतरवून घेतले आहे आणि ऑब्सिडियन या टिपणांच्या ॲपमध्ये त्यांचे रंगीत जाळेही विणले आहे. निकलास लुमान या जर्मन समाजशास्त्रज्ञाच्या चिठ्ठ्यांच्या पेटीची कथा तो सांगू लागला, तेव्हा अण्णांनी त्याला फार वेळ बोलू दिले नाही. "लुमानने सुमारे ९० हजार चिठ्ठ्या लिहिल्या आणि त्यांतून पुस्तके काढली. तू चिठ्ठ्यांच्या पेट्याच बदलत बसतोस." एम.ए.चा अर्ज त्याने सलग दुसऱ्या वर्षी भरला नव्हता, हेही मग कोणीतरी काढलेच.

अण्णांनी टपरीवरच्या बिलाच्या पाठकोऱ्या कागदावर कॉर्नेल या टिपणे काढण्याच्या पद्धतीचे पान आखले: डावीकडे अरुंद पट्टी प्रश्नांना, उजवीकडची रुंद जागा टिपणाला आणि खाली आडवी पट्टी सारांशाला. उजवीकडे त्यांनी लिहिले की चार यंत्रमाग कामगारांना दिवसाला प्रत्येकी ५०० रुपये मिळतात आणि मालकाला ५०००, म्हणजे पाच जणांची सरासरी १४०० रुपये होते, मध्यक, म्हणजे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, मात्र ५०० राहतो. डावीकडे एकच प्रश्न लिहिला: "१४०० रुपये नेमके कोणाला मिळतात?" खालची पट्टी त्यांनी कोरी ठेवून कागद गिरीशपुढे सरकवला. माझ्या मते त्या संध्याकाळचा खरा धडा त्या कोऱ्या पट्टीतच होता, कारण ती भरायला कोणतेही ॲप लागत नाही.

इंग्रजीची अडचण सरांनी काढली आणि ती खोटी नव्हती. यातले बहुतेक साहित्य इंग्रजीत आहे आणि मराठी माध्यमाचा मुलगा पहिल्याच पानावर अडतो. त्यावर अण्णा म्हणाले की बालभारतीचे बारावीचे अर्थशास्त्राचे पुस्तक मराठीत आहे, पीडीएफ फुकट आहे आणि निर्देशांकावर, म्हणजे किमतींसारख्या गोष्टींतला बदल मोजणाऱ्या आकड्यावर, त्यात स्वतंत्र प्रकरण आहे. ते वाचून मग २०१२ पायाभूत वर्षाच्या, म्हणजे त्या वर्षीच्या किमतींशी तुलना करणाऱ्या, ग्राहक किंमत निर्देशांकाच्या मालिकेत खाद्यपदार्थ व पेयांचा भार १०० पैकी ४५.८६ का, हा प्रश्न घेऊन बसले, तर कांदा महागला की महागाईचा आकडा का हलतो हे कोणाच्याही मदतीशिवाय उमगते. "आणि त्या पुस्तकाची छपाई तुमच्या नोट्सपेक्षा बरी आहे," अशी पुस्ती त्यांनी जोडली.

नोट्सचे नाव निघताच जुने दुखणे वर आले. नियोजन आयोगाची स्थापना १९५० ची. सरांच्या नोट्समध्ये ती १९५१ ची आहे आणि झेरॉक्सवरून झेरॉक्स निघत ती चूक पिढीजात झाली आहे. सरांनी तो टंकलेखकाचा दोष ठरवला. टंकलेखक म्हणजे त्यांचाच मेहुणा, हे कट्ट्याला ठाऊक असल्याने हा बचाव हसण्यावारी गेला.

उठताना सरांनी अण्णांना बाजूला घेऊन तो आखलेला कागद मोबाइलवर पाठवा, असे हळूच सांगितले. अण्णांनी ते हळू ठेवले नाही. "पाठवतो की, पण आधी फी भरा. फुकट दिला तर तुम्हाला त्याची किंमत राहणार नाही!" टपरीवाल्यासकट सगळे हसले आणि त्या हशातच चहाचे पैसे सरांकडून वसूल झाले.