डीपीएफ चोक करण्याचे खात्रीशीर उपाय

डिझेल गाडी घ्यायची तर मुंबईतच घ्यावी. त्यातून ऑफिस घरापासून चार-पाच किलोमीटरवर असेल तर अजिबात मागेपुढे पाहू नये. पार्ल्याहून साकीनाक्याला एकट्याने जायला सात सीटची, दोन टनी गाडी लागतेच. शोरूममधल्या मुलाला आपलं रोजचं रनिंग अगदी प्रामाणिकपणे सांगावं. मी सांगितलं होतं. सगळं ऐकून घेऊन तो म्हणाला, "सर, डोळे मिटून डिझेल घ्या. टॉर्क बघा ना काय आहे!" अंधेरी-कुर्ला रोडला मेट्रोच्या खांबाशेजारी पहिल्या गिअरमध्ये उभा असताना हा टॉर्क, म्हणजे इंजिनची ओढ, कुठे बघायचा, ते मात्र त्याने सांगितलं नाही.

ज्यांनी अजून डिझेल घेतलेली नाही त्या दुर्दैवी लोकांसाठी थोडी माहिती. १ एप्रिल २०२० पासून गाड्यांच्या धुरासाठीचे बीएस-६ हे नियम लागू झाले आणि नव्या डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरच्या वाटेवर एक डबा येऊन बसला: डिझेल पार्टिक्युलेट फिल्टर, म्हणजे डीपीएफ. आत मधाच्या पोळ्यासारखी सिरॅमिकची जाळी, एक नळी पुढून बंद, शेजारची मागून. धूर भिंतींतून झिरपून बाहेर पडतो, काजळी आत अडकते. ती पुरेशी साठली की गाडी स्वतःच जाळून टाकते. थोडं जादा डिझेल उशिरा फवारते आणि फिल्टर सहाशे अंशांच्या आसपास तापवते. या कामाला तिला साधारण पंधरा-वीस मिनिटं लागतात. अट एवढीच की त्या वेळात गाडी न थांबता, बऱ्यापैकी वेगात पळत राहिली पाहिजे.

मुंबईत. न थांबता. पंधरा-वीस मिनिटं.

मारुतीने त्याच २०२० साली डिझेल गाड्या बनवणं बंद केलं. त्यांना धंद्यातलं काय कळतं म्हणा.

तर आता फिल्टर चोक कसा करायचा ते बघू. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे गाडीला तिचं काम पुरं करू द्यायचं नाही. ती काजळी जाळायला बसली की खुणा दिसतात. सिग्नलला आयडलिंग नेहमीपेक्षा चढं लागतं, मायलेजचा आकडा धाडकन खाली येतो, सिग्नलला इंजिन आपोआप बंद-चालू करणारं ऑटो स्टार्ट-स्टॉप चालेनासं होतं, जरासा जळकट वास येतो. अशा वेळी नेमकी भाजीवाल्यासमोर गाडी उभी करून चावी फिरवावी. बंद गाडीचा पंखा त्यानंतरही बराच वेळ घोंघावत राहील, तिकडे लक्ष देऊ नये. असं चार वेळा केलं की न जळलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळून इंजिन ऑइलमध्ये उतरतं आणि ऑइलची पातळी वाढायला लागते. पट्टी काढून बघा, वरच्या खुणेच्याही वर. एक थेंब न टाकता! पातळ झालेल्या त्या ऑइलने पुढे टर्बो आणि बेअरिंगं गेली तर तो खर्च वेगळा.

टाकी कायम रिझर्व्हवर ठेवा. डिझेल कमी असलं की बऱ्याच गाड्या जाळायचं काम हातातच घेत नाहीत.

ऑइल बदलताना मॅन्युअल उघडायचं नाही. त्यात लो-ॲश म्हणजे कमी राख करणारं ऑइल, सी३ ग्रेड असली काहीतरी नाटकं लिहिलेली असतात. ओळखीच्या गॅरेजमधल्या ड्रममधलं, जे टेम्पोलाही चालतं, ते भरावं. काजळी निदान जळते तरी; ऑइलमधल्या ॲडिटिव्हची राख कितीही तापवा, जळत नाही. ती फिल्टरमध्ये कायमची मुक्कामाला राहते.

गाडीला धूर स्वच्छ करणाऱ्या युरियाच्या द्रावणाची वेगळी टाकी असेल आणि तिचं निळं झाकण डिझेलच्या झाकणाशेजारी असेल, तर पंपावर फोनमध्ये डोकं घालून बसा. कशात काय भरायचं ते पंपवाला ठरवेल, बाकीचं आपोआप होईल.

मॅन्युअलमध्ये आणखी एक ताकीद असते: फिल्टर तापलेला असताना गाडी वाळलेल्या गवतावर उभी करू नका. मुंबईत पार्किंगला वाळलेलं गवत मिळालं तर मला लगेच कळवा, मीही येतो.

एवढं सगळं मनापासून केलंत की एक दिवस डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो. इथून खरी मौज. पिवळ्या दिव्याचा अर्थ 'मला जरा पळवून आण' एवढाच असतो. म्हणून जेवणं झाल्यावर चपला घालायच्या. आतून विचारणा होते, "अहो, आत्ता कुठे निघालात?" आपण म्हणायचं, "डबा जाळून येतो." खाली वॉचमन गेट उघडताना काही विचारत नाही, पण त्याच्या चेहऱ्यावर आपल्या संसाराविषयी काळजी दिसते.

आता पळवायची कुठे? पश्चिम द्रुतगती महामार्गाला द्रुतगती म्हणतात म्हणून जाऊ नका, रात्री अकरालाही अंधेरीचा पूल तुम्हाला नम्र करतो. सी-लिंक जेमतेम साडेपाच किलोमीटर. फिल्टर तापायच्या आत वरळी येते. कोस्टल रोडवर ८० ची मर्यादा, बोगद्यात ६०, आणि वर कॅमेरे. खरा उपाय अटल सेतू. २१.८ किलोमीटर, मर्यादा १००, सिग्नल नाही, रिक्षा नाहीत, बाइक नाहीत. शिवडीला चढायचं, गिअर एक खाली ठेवून इंजिन मिनिटाला दोन हजार फेऱ्यांच्या वर फिरतं ठेवायचं, की पलीकडे उतरेपर्यंत काजळी जळत येते. टोल एका बाजूचा २५०. पलीकडच्या टोकाला, चिर्ल्याला, रात्री साडेअकरा वाजता तुमचं काहीही काम नसतं. वळायचं आणि परत टोल भरायचा. धूर कमी व्हावा म्हणून बसवलेला डबा साफ करायला अपरात्री विनाकारण लिटरच्या लिटर डिझेल जाळायचं, याला आधुनिक तंत्रज्ञान म्हणतात.

आणि पाऊस असेल, कंटाळा आला असेल, पिवळ्या दिव्याचा लाल झाला असेल, गाडी रांगायला लागली असेल, तर सर्व्हिस सेंटर आहेच. तिथे आधी एसी रूममध्ये बसवतात. मग लॅपटॉप लावून 'फोर्स्ड रिजनरेशन' करतात, म्हणजे जागेवर उभ्या गाडीचं इंजिन रेस करून काजळी जाळतात. मग ॲडव्हायझर येतो. चेहरा आयसीयूतून बाहेर आलेल्या डॉक्टरचा. "सर, रिजन फेल आहे. फिल्टर चेंज करावा लागेल." आकडा सहा अंकी.

मी म्हटलं, गाडी वॉरंटीत आहे.

"सर, हे ड्रायव्हिंग पॅटर्नमुळे झालंय. तुमचं रनिंग सगळं सिटीतलं आहे. हे वॉरंटीत बसत नाही."

मग त्याने काउंटरवरचं मॅन्युअल उचललं आणि गाडी हाय-वेवर पळवावी लागते असं सांगणारी चौकट मला दाखवली. शोधावी लागली नाही. पुस्तक आपोआप त्याच पानावर उघडलं. पानाच्या कडेला तेलकट अंगठ्याचा ठसा होता, ठशावर ठसा. माझ्या आधी किती जणांना हे पान दाखवलं असेल, याचा हिशोब त्या कडेवरच होता.

म्हणजे यांना माहीत आहे! गाडी विकायच्या आधीपासून माहीत आहे. हे पान जर सर्व्हिसच्या काउंटरवर इतकं हाताळलं जातं, तर शोरूमच्या टेबलावर का नाही? वरच्या मजल्यावर 'सिटीसाठी बेस्ट' आणि तळमजल्यावर 'सिटीत चालवलीत ही तुमची चूक'. एकाच इमारतीत, एकाच जिन्यावर! आणि 'पॅटर्न' म्हणजे काय हो? मी काय जंगलात रेस लावत होतो? घरून ऑफिसला आणि ऑफिसातून घरी. गाडी घेताना हाच पॅटर्न मी तोंडाने सांगितला होता, तुमच्याच माणसाने फॉर्मवर लिहून घेतला होता. ॲक्सेसरीज, एक्स्टेंडेड वॉरंटी, टेफ्लॉन कोटिंग, मॅट, सगळं आठवणीने गळ्यात मारलंत. हाय-वेवर पळवावी लागते, हे एक वाक्य तेवढं घशात अडकलं?

असो. अजून एक उपाय आहे आणि तो सोसायटीच्या ग्रुपवर दर महिन्याला कुणीतरी टाकतोच. गॅरेजवाला सांगतो, "साहेब, आतली जाळी फोडून टाकतो, डबा तसाच ठेवतो. सॉफ्टवेअर मारलं की दिवा पण नाय लागणार. कोणाला कळणार नाय." नव्या फिल्टरच्या मानाने चिल्लर पैशांत काम. गाडीला पिकअप वाढल्यासारखा वाटतो, मायलेज सुधारतं, आणि 'मी तर कधीच काढून टाकला' असं लिहून खाली हसरा चेहरा टाकता येतो.

तो हसरा चेहरा टाकणाऱ्यांशी मला सरळ बोलायचं आहे. तुमची गाडी बेकायदा आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२अ(४) खाली गाडीत परवानगीबाहेरचा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. कोणी पकडत नाही म्हणून ते कायदेशीर होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ सालीच डिझेलचा धूर माणसाला कॅन्सर करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात टाकला आहे. डबा पोकळ केल्यावर ती काजळी हवेत विरून जात नाही. ती तुमच्या मागे रिक्षात बसलेल्या माणसाच्या छातीत जाते, आणि तुम्ही काचा वर करून एसीत बसलेले असता. मलाही फिल्टरने छळलं, माझेही पैसे गेले. म्हणून काही मी तो फोडलेला नाही. डबा चुकीचा नाही, तो नको त्या गिऱ्हाइकाच्या गळ्यात बांधणारे चुकीचे आहेत. राग तिकडे काढा, रस्त्यावर कशाला काढता?

आणि ज्यांना अजून गाडी घ्यायची आहे, त्यांनी तरी टॉर्क-टॉर्क करणं थांबवा. आठवड्यातून एकदा तरी अर्धा तास मोकळ्या रस्त्यावर पळणार असेल तर खुशाल डिझेल घ्या. नाहीतर पेट्रोल आहे, सीएनजी आहे, हायब्रिड आहे. शोरूममध्ये बसलात की आधी रनिंग सांगा आणि मग म्हणा, "या रनिंगला फिल्टर चोक झाला तर वॉरंटीत बदलून द्याल, असं लेटरहेडवर लिहून द्या." त्याने मॅनेजरला बोलावलं आणि मॅनेजर हसायला लागला, तर मशीनचा तो चहा तसाच ठेवून उठा.