रॅफॉल यांचं प्रवचन मी गाळलं, ते का?

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं असं, की सिनेगॉगमधल्या (ज्यूंच्या प्रार्थनास्थळातल्या) त्या सर्वधर्मीय सेदरवर, म्हणजे मिसरच्या (इजिप्तच्या) गुलामगिरीतून ज्यूंची सुटका झाली तिच्या आठवणीच्या विधिवत जेवणावर, मी फारच भाबडं लिहिलं. अमेरिकेत ज्यूंनीही गुलाम बाळगले, त्यांच्या रब्बींनी, म्हणजे धर्मगुरूंनी, गुलामगिरीची तरफदारी केली; मग काळ्यांच्या चर्चला जेवायला बोलावून मिसरमधल्या सुटकेची गोष्ट सांगणं हे ढोंग.

पहिला भाग शंभर टक्के खरा. लाज वाटते ती याची, की तिथे तो निघाला होता आणि लेख लांबतोय म्हणून मीच कापला. तिथल्या रब्बीबाईंनी सुरुवातच रब्बी मॉरिस रॅफॉल यांच्या प्रवचनापासून केली. 4 जानेवारी 1861, न्यू यॉर्क. अब्राहाम, इसहाक, याकोब यांच्याकडे गुलाम होते, तेव्हा गुलामगिरीला पाप कसं म्हणता, असा त्या प्रवचनाचा रोख. दक्षिणेत गुलामाला माणूस नव्हे, वस्तू मानतात, अशी कानउघाडणीही त्यात होती, पण ती कोण लक्षात ठेवतो! उलट बाजूने बाल्टिमोरचे रब्बी डेव्हिड आइनहॉर्न आपल्या जर्मन मासिकातून तुटून पडले, तेही गुलामगिरी कायदेशीर असलेल्या मेरीलँडमध्ये राहून. एप्रिलमध्ये शहरात दंगल झाली आणि त्यांना फिलाडेल्फियाला पळावं लागलं.

'ढोंग' मात्र पटत नाही. सेदरमध्ये ज्यूंच्या सुटकेसाठी देवाने मिसरवर आणलेल्या दहा संकटांची नावं घेतात आणि दर नावाला बोट वाइनमध्ये बुडवून एक थेंब ताटलीत टाकतात. माझ्या शेजारी चर्चमधल्या एक आजी होत्या. चार थेंब टाकून झाल्यावर त्यांनी विचारलं, "हे कशासाठी?" मिसरी माणसंही मेली, म्हणून आपल्या आनंदाचा प्याला तेवढा उणा, असं कोणीतरी सांगितलं. आजींनी बोट नॅपकिनला पुसलं. "आमच्याकडे मिसरचा राजा फारो बुडाला की टाळ्या वाजतात!" त्यावरून जी जुंपली, ती सूप गार होईपर्यंत. ढोंगी लोक पाहुण्यांशी असं भांडत नाहीत हो.

अशा एकत्र सेदरची प्रथा आली तीही एका चर्चमधूनच. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येला वर्ष झालं त्या दिवशी, 4 एप्रिल 1969 ला, वॉशिंग्टनमधल्या काळ्यांच्या एका चर्चच्या तळघरात सुमारे 800 जण 'फ्रीडम सेदर'ला बसले होते.

एक उणीव मात्र तुमच्या हातून सुटली, ती मीच सांगतो. चर्चची बरीचशी मंडळी दाराजवळच्या दोन टेबलांवर बसली होती आणि शेवटपर्यंत तिथेच राहिली. आजींसारखे मिसळलेले थोडेच.

'आपल्याकडचं सोडून तिकडचं कशाला' या टोमण्यावर एवढंच: जोतीरावांनी 1873 साली 'गुलामगिरी' अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. पुढच्याच वर्षी पुण्यात बेने इस्राएलांसाठी (आपल्याकडच्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंसाठी) मराठी भाषांतरासह हग्गादा छापली गेली, म्हणजे सेदरला वाचतात ती पोथी. 'तिकडचं' म्हणजे नक्की कुठलं म्हणायचं?

रॅफॉल-आइनहॉर्नचा परिच्छेद आज रात्री मूळ लेखात घालतो. टेबलांचाही.