कुंद्याच्या जागी मंगल कार्यालय

बेळगावच्या शहापुरात आमच्या मामांचं मिठाईचं दुकान आहे. कुंदा त्यांच्या वडिलांपासूनचा, वेबसाइट माझी. दोन्हीत आटवत बसावं लागतं. कुंद्यात दूध आटतं, वेबसाइटमध्ये करणारा.

दिवाळीला आठ दिवस असताना मामांनी फर्मान काढलं, "ऑर्डर घ्यायला वेगळं पान पाहिजे. दुकानाच्या नावाआधी नुसतं 'ऑर्डर' लावायचं. अर्ध्या तासाचं तर काम." मी 'होय की' म्हणालो. पुढचं सगळं त्या दोन शब्दांमुळं झालं.

सबडोमेन म्हणजे आडनाव घराण्याचं, नाव तेवढं नवं. डीएनएस म्हणजे इंटरनेटची पत्त्यांची वही. तिच्या पॅनेलमध्ये एक ए रेकॉर्ड घालायचा: या नावाचा माणूस या आयपीवर, म्हणजे या आकडी पत्त्यावर, राहतो. मी नावाच्या रकान्यात आडनावासकट सगळं लिहिलं. पॅनेलनं आपल्या रिवाजाप्रमाणं शेवटी आडनाव पुन्हा जोडलं. म्हणजे 'बाळू पाटील पाटील' नावाच्या इसमाची नोंद झाली आणि खरा बाळू पाटील बेपत्ता.

हे कळेपर्यंत सकाळ संपली. दुरुस्त केलं, तरी उघडेना. कारण मधल्या वेळात मी दर दोन मिनिटांनी उघडून बघत होतो, आणि 'असं इथं कुणी राहत नाही' हे उत्तरसुद्धा डीएनएसवाले जपून ठेवतात. किती वेळ, याचा आकडा ठरलेला असतो. आमचा ३६०० सेकंद. भाताचं झाकण सारखं काढू नये असं आजी सांगायची, ते मी फक्त भातापुरतं धरलं होतं. तसं आमच्या गावाला जुन्या उत्तरांची सवय आहे. १ नोव्हेंबर २०१४ ला सरकारदरबारी इंग्रजीत बेलगामचं बेळगावी झालं, पण रेल्वे स्टेशनचा कोड अजून बीजीएम. मामा तर 'बेळगाव'शिवाय दुसरं काही बोलायचे नाहीत.

दुपारी त्यांचाच फोन. "उघडलं की रे! हॉल झक्कास आहे, खरं कुंदा कुठाय?"

(आमच्याकडं 'खरं' म्हणजे 'पण'.)

उघडून बघतो तर खानापूर रोडवरचं एक मंगल कार्यालय. हार, सनई, पार्किंगची सोय. माझ्या भाड्याच्या सर्व्हरवर तीन बिऱ्हाडं आहेत: मामांचं दुकान, एक ट्रॅक्टरच्या स्पेअर पार्टवाला आणि हे कार्यालय. आयपी तिघांचा एकच. दारात आलेला पाहुणा ज्याचं नाव घेईल त्याच्या खोलीत त्याला पोचवायचं, हे काम एन्जिन-एक्स नावाच्या दरवानाचं. नाव कुठंच जुळलं नाही, तर हा दरवान पाहुण्याला परत लावत नाही. दाराजवळच्या पहिल्या खोलीत नेऊन बसवतो. पहिल्या खोलीत मंगल कार्यालय होतं.

आता नाव का जुळेना? दरवानाला नावं सांगणारी फाइल मीच लिहिलेली. सर्व्हर-नेम अक्षर न् अक्षर बरोबर. तपासणी केली, 'सिंटॅक्स ओके'. रीलोड केलं, हॉल. एक स्वल्पविराम जास्त झाला का म्हणून ओळीओळीवर बोट ठेवून वाचलं. ओके. हॉल. मामी जेवायला या म्हणून दोनदा फोन करून गप्प बसल्या. रात्री अकराला डोक्यात उजेड पडला. फाइल 'साइट्स-अव्हेलेबल'मध्ये होती, दरवान वाचतो त्या 'साइट्स-एनेबल्ड'मध्ये तिची सिमलिंक, म्हणजे मूळ फाइलकडं बोट दाखवणारी खूण, केलीच नव्हती. पत्रिका छापून आणल्या आणि गठ्ठा तसाच कपाटात. तपासणी होते ती वाटलेल्या पत्रिकांची, त्यामुळं ती बिचारी दिवसभर प्रामाणिकपणे ओके म्हणत होती.

सिमलिंक केली, तर ब्राउझर लालभडक. साइटची ओळख पटवणारं सर्टिफिकेट म्हणे मंगल कार्यालयाच्या नावाचं. शेजाऱ्याचं रेशनकार्ड घेऊन साखर मागायला गेल्यासारखं. अशी सर्टिफिकेटं देणाऱ्या लेट्स एन्क्रिप्टकडून मामांच्या पानाचं वेगळं काढलं. फुकट, ९० दिवसांचं, पाच मिनिटांत. इतकं बिनबोभाट झालं की मला भीतीच वाटली.

ती खरी ठरली. माझ्या फोनवर कुंदा, मामांच्या फोनवर हॉल.

कार्यालयाच्या साइटवर मीच कधीतरी '३०१' लावला होता. साध्या पत्त्यावर आलेल्याला कार्यालयाच्या कुलूपवाल्या पत्त्यावर कायमचं पाठवायचं. मामांच्या ब्राउझरनं 'कायमचं' मनावर घेतलं होतं. तो आता माझ्या दरवानाला विचारतही नव्हता, परस्पर हॉलवर जात होता. असा आज्ञाधारकपणा आमच्या घरात दुसऱ्या कुणी दाखवलेला नाही.

सकाळी दुकानात गेलो, मामांचा फोन घेतला आणि ब्राउझरची हिस्टरी, कॅशे सगळं पुसून काढलं. उघडलं. कुंदा: पाव किलो, अर्धा किलो, एक किलो. खाली ऑर्डरचं बटण. मी फोन दोन्ही हातांनी, प्रसाद द्यावा तसा पुढं केला.

मामांनी पान वर केलं, खाली केलं, पुन्हा वर केलं.

"हे झ्याक झालंय. खरं हॉलचं कुठं गेलं रे? तुझ्या मामीनं डिसेंबरच्या तारखा बघून ठेवायला सांगितल्यात."