आबासाहेब दोनदा हरले होते

परवा भाच्याने घरच्या ग्रुपवर गणपतराव देशमुखांवरचा एक मेसेज टाकला. हात जोडलेला फोटो आणि खाली मजकूर: सांगोल्याचे आबासाहेब अकरा वेळा आमदार झाले, एकदाही हरले नाहीत, कधी मंत्रिपद घेतलं नाही, हा जागतिक विक्रम आहे, शेवटपर्यंत एसटीने फिरले, आणि सगळ्यात खाली ठळक अक्षरात, ‘असा माणूस कुठल्याच पक्षाचा नसतो. पक्ष नको, माणूस बघा.’ त्याखाली भाच्याचा प्रश्न होता, ‘मामा, खरंच अपक्ष होते का ते?’

पोरगा पुण्यात शिकतो, पहिलं मत अजून द्यायचंय. मी सांगोला तालुक्यातला, वडिलांची हयात शेतकरी कामगार पक्षाच्या, म्हणजे शेकापच्या, लाल बावट्याखाली गेलेली. हा मेसेज 30 जुलैला, आबासाहेबांच्या पुण्यतिथीच्या आसपास, हमखास फिरतो आणि मी सोडून देतो. आता घरातल्याच पोराने विचारलंय, त्यामुळे सोडवत नाही.

‘एकदाही हरले नाहीत’ हे आधी घेतो, कारण ते बोटांवर मोजून खोटं ठरतं. 1962 ते 2014 या काळात महाराष्ट्र विधानसभेच्या बारा सार्वत्रिक निवडणुका झाल्या. आबासाहेब आमदार झाले अकरा वेळा, हे खरं. पण त्यातली एक 1974 ची पोटनिवडणूक. म्हणजे सार्वत्रिक दहाच. राहिलेल्या दोन कुठे गेल्या? 1972 आणि 1995. माझ्यावर विश्वास नसेल तर निवडणूक आयोगाचे सांख्यिकी अहवाल उघडा. एकेका मतदारसंघाचा निकाल आहे, उमेदवाराच्या नावापुढे पक्ष आणि मतं. फुकट आहेत, पाच मिनिटांचं काम. मेसेज पुढे ढकलणाऱ्या कोणालाही हे करावंसं वाटू नये?

95 चा निकाल मला अहवालात बघावा लागत नाही. तेव्हा मतपत्रिका मोजायचे. वडील विडीच्या पुडक्याचा कागद उलटा करून त्यावर फेरीफेरीचे आकडे मांडत होते, पेन्सिल सारखी जिभेला लावून. काँग्रेसचे शहाजीबापू पाटील 192 मतांनी आले. वडिलांनी ती वजाबाकी तीनदा केली. रात्री ताटावर बसले आणि तसेच उठले. चार दिवसांनी पुन्हा सायकल काढून पक्षाच्या शाखेच्या बैठकीला गेले. 1999 ला आबासाहेब परत निवडून आले, त्याच सांगोल्यातून, त्याच शेकापकडून. मधल्या चार वर्षांत पक्षाचं घर बदललं नाही. आजच्या पोरांना सांगावी अशी गोष्ट हीच, आणि ‘कधी हरलेच नाहीत’ म्हटलं की नेमकी तीच पुसली जाते.

आता ते ठळक अक्षरातलं वाक्य. खरा संताप याचाच आहे. अपक्ष? त्याच अहवालांत आबासाहेबांच्या नावापुढे 1962 पासून 2014 पर्यंत एकच पक्ष दिसेल, शेतकरी कामगार पक्ष. केशवराव जेधे, शंकरराव मोरे काँग्रेसमधून बाहेर पडले आणि हा पक्ष उभा राहिला. 1950 च्या दाभाडी प्रबंधात, म्हणजे पक्षाच्या धोरणाच्या दस्तऐवजात, त्याने मार्क्सवादाची वाट धरली. पुढे जेधे काँग्रेसमध्ये परत गेले, मोरेही गेले. ज्यांनी पक्ष काढला तेच राहिले नाहीत. पक्ष आटत आटत 2014 च्या विधानसभेत तीन आमदारांवर आला. त्या तिघांत आबासाहेब होते, वयाच्या अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी. जो माणूस आयुष्यभर एका पक्षात राहिला त्याचंच नाव पुढे करून पोरांना ‘पक्ष नको’ म्हणून शिकवायचं, ही त्यांच्या अख्ख्या राजकारणाची विटंबना आहे. उद्या कोणी तिसऱ्यांदा पक्ष बदलून दारात येईल आणि हेच म्हणेल, माणूस बघा.

आबासाहेबांकडे बघून मत देणारे होते, काँग्रेसच्या घरांतही होते, एवढं मान्य करतो. पण 2019 ला ते उभे नव्हते, तरी शेकापचा उमेदवार 768 मतांनीच पडला. उमेदवार त्यांचा नातू होता, नावाचा फायदा झाला, हेही कबूल. तरीपण मतदारयाद्या, घरोघरच्या चिठ्ठ्या, बूथवर सकाळी सहाला बसणारी पोरं हे काय नुसत्या नावाने होतं का? माझ्या बापाच्या सायकलची दोन टायरं दर निवडणुकीला त्यात झिजायची. ते सगळं पक्षाचं काम होतं.

मंत्रिपदाचं म्हणाल तर ते दोनदा मंत्री होते. 1978 ला शरद पवारांच्या पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) सरकारात आणि 1999 नंतर विलासराव देशमुखांच्या आघाडी सरकारात. यात लपवण्यासारखं काय आहे? 2002 मध्ये शेकापने त्या सरकारचा पाठिंबा काढला, तोही निर्णय पक्षाचाच.

जागतिक विक्रम नाही. केरळात पाला मतदारसंघातून के. एम. मणी तेरा वेळा निवडून आले. पुथुपल्लीतून ओमन चंडी बारा वेळा. महाराष्ट्रात अकरा वेळा आणि तेही सांगोल्यातून, एवढं पुरेसं नाही का?

एसटीचं मात्र खरं आहे. साधी राहणीही खरी, त्यावर वाद नाही. पण एसटीत बसून ते जात कुठे होते, हे मेसेजमध्ये नाही. स्वातंत्र्यसैनिक नागनाथअण्णा नायकवडींच्या बरोबरीने दुष्काळी भागासाठीच्या आटपाडीच्या पाणी परिषदांना जात होते, टेंभू-म्हैसाळ या उपसा सिंचन योजनांचं पाणी मागायला विधानसभेत जात होते. आमच्याकडे माण नदीत वर्षातले किती महिने वाळूच दिसायची. कोरडवाहू तालुक्यात शेतकऱ्यांची सहकारी सूतगिरणी उभी केली. एसटीचं तिकीट आठवतं आणि पाणी आठवत नाही, असं कसं चालेल?

भाच्याला मी 1995 च्या अहवालातलं सांगोल्याचं पान पाठवलंय. आबासाहेबांच्या नावापुढचा पक्ष त्याने स्वतः वाचावा आणि ग्रुपवर त्यानेच लिहावा.