नगरसेवकाविना नांदण्याची कला

महाराष्ट्रातील महापालिकांच्या निवडणुका जानेवारी २०२६ मध्ये अखेर उरकल्या आणि शहरोशहरी नगरसेवक पुन्हा दिसू लागले. त्यांच्यावाचून जगण्याची जी सवय आपण इतक्या निष्ठेने लावून घेतली होती, ती मोडू नये म्हणून या काही सूचना. मुंबईकरांनी पालिकेसाठी २०१७ नंतर थेट २०२६ मध्ये मत दिले. नवी मुंबई आणि छत्रपती संभाजीनगरच्या रहिवाशांचा मान त्याहून मोठा, कारण त्यांच्या सभागृहांची मुदत २०२० मध्येच संपली होती.

पहिले पथ्य म्हणजे संविधान चाळू नये. पालिकेची मुदत पाच वर्षांची असेल आणि ती सरण्यापूर्वीच नवी निवडणूक पूर्ण झाली पाहिजे, असे त्यात ७४व्या दुरुस्तीने लिहून ठेवले आहे, आणि असले वाक्य नजरेखालून गेले की झोप उडते. चुकून वाचले गेलेच, तर उतारा म्हणून कारणे घोकावीत: आधी करोना, मग ओबीसी आरक्षण, मग मुंबईत प्रभाग २२७ असावेत की २३६, मग न्यायालयाची पुढची तारीख. ही कारणे आपापल्या जागी खरी होती, हीच त्यांची खुबी; खोटे कारण कधीतरी उघडे पडते, खऱ्या कारणांची मात्र रांग लावता येते. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये चार महिन्यांत निवडणुका घ्या असे बजावले, तेव्हाही आपण घाई केली नाही.

दुसरे, नगरसेवकांच्या जागी सरकारने नेमलेल्या प्रशासकाच्या कारभारातील शिस्तीचे मोकळ्या मनाने कौतुक करावे. आयुक्त म्हणून ज्यांनी प्रस्ताव पाठवायचा, त्यांनीच प्रशासक म्हणून तो मंजूर करायचा, म्हणजे मतभेदाला वाव नाही. एकट्या मुंबई पालिकेचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७४ हजार कोटी रुपयांच्या वर होता. सभागृह असते तर त्यावर कोणीतरी आरडाओरडा केला असता, कागद भिरकावले असते, आणि एखादा आकडा नको तिथे बाहेर आला असता.

तिसरे, तक्रार करावी ती मोबाइलवरूनच. समजा, तुमच्या इमारतीसमोरच्या गटाराचे झाकण गेले आहे आणि रहिवाशांनी त्यात झाडाची फांदी खोचून तिला लाल फडके बांधले आहे. फोटो काढून पाठवा. यथावकाश ‘आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे’ असा संदेश येईल. तो संदेश वाचताना फांदी खिडकीतून दिसत असेल, तर पडदा ओढून घ्यावा. पूर्वी अशा वेळी नगरसेवकाच्या कार्यालयात जाऊन, चहा घेत घेत, ‘भाऊ, आमच्या इमारतीत दीडशे मते आहेत’ असे सहज बोलून दाखवावे लागे. भाऊ काही संत नव्हते, टक्केवारीच्या कथा आपणही चवीने ऐकल्या आहेत. पण त्यांना पाडता येत असे, आणि ते त्यांना ठाऊक असे. बदलीवर आलेल्या आणि बदलीवर जाणाऱ्या अधिकाऱ्याला पाडण्याची चिंता आपल्याला नसते, हे केवढे सुख!

निवडणूक झाली म्हणून निराश मात्र होऊ नये. कल्याण-डोंबिवलीसारख्या ठिकाणी अनेक उमेदवार मतदानाआधीच बिनविरोध निवडून आले आणि त्या जागांपुरते मतदारांचे बटण दाबण्याचे कष्ट वाचले. बाकीच्यांनीही मत दिल्यावर शाईच्या बोटाचा फोटो टाकून पाच वर्षांसाठी मोकळे व्हावे.

एका गोष्टीची तेवढी काळजी घ्यावी. आपल्या राज्यात २००९ पासून क्षेत्रसभेचा कायदा आहे. म्हणजे गावात जशी ग्रामसभा, तशी शहरात त्या भागातील मतदारांची सभा, नगरसेवकासमोर बसून प्रश्न विचारणारी. निवडून आलेल्या भाऊंचा सत्कार ठरलाच असेल, तर हार घाला, शाल पांघरा, पेढे वाटा. पण ‘आपली क्षेत्रसभा कधी?’ असे माइकवरून विचारू नका. बिचाऱ्यांना आधी हा कायदा शोधावा लागेल.