अकरा क्वार्टर

संपादकांनी बजावलं होतं, "नायगारा नको, तो सगळेच लिहितात. अमेरिकेतलं रोजचं जगणं लिहा." म्हणून जर्सी सिटीत भाच्याकडे मुक्कामाला असताना एका रविवारी मळके कपडे घेऊन मी इमारतीच्या तळघरात उतरलो. भाचा-भाचेसून बाहेरगावी गेले होते.

धुण्याचं यंत्र फक्त क्वार्टर खातं. एका धुण्याला अकरा. क्वार्टर म्हणजे पंचवीस सेंट, थोडक्यात चार आणे. आपल्याकडे चार आणे 2011 साली चलनातून गेले. इथे त्यांच्यावाचून लुंगी धुतली जात नाही. खिशात चिल्लर होती, पण सेंटांच्या अमेरिकन नाण्यांवर किमतीचा आकडाच नसतो. एकावर नुसतं 'वन डाइम'. म्हणजे किती, ते अभिमन्यूसारखं आईच्या पोटातूनच ऐकून यायचं. वर हे दहा सेंटचं डाइम पाच सेंटच्या निकेलपेक्षा लहान!

कोपऱ्यावरच्या दुकानात गेलो. "नुसते सुटे नाही, काहीतरी घ्या." चॉकलेट घेतलं. किंमत 1 डॉलर 29 सेंट. दोन डॉलर देऊन 71 सेंटसाठी हात पसरला. आले 62. इथे विक्रीकर छापील किमतीत नसतो, गल्ल्यापाशी चढतो. न्यू जर्सीत 6.625 टक्के. (कपड्यांवर मात्र कर नाही. नवा शर्ट घ्यावा, जुना धुऊ नये, असंच सरकारचं मत दिसतं.)

62 सेंट म्हणजे दोन क्वार्टर, एक डाइम, दोन पेनी. अकरा क्वार्टरांसाठी सहा चॉकलेटं, आणि बिलं सहा वेगवेगळी. चौथ्या बिलाला दुकानदारानं काळजीनं विचारलं, "अंकल, शुगर नाही ना?" आहे. म्हणून तर चॉकलेटं खिशात वितळत होती.

धुणं झालं. उरलेलं बारावं क्वार्टर वाळवणाऱ्या यंत्राला दिलं. त्यानं आठ मिनिटं कपडे गरगर फिरवले आणि तसेच ओले परत केले. बाल्कनीत दोरी बांधायला इमारतीची मनाई. रात्री माझी लुंगी न्हाणीघराच्या पडद्याशेजारी ठिबकत होती.

सोमवारी भाचेसून परतली. "अहो मामा, फडताळात श्रीखंडाचा डबा होता ना! काठोकाठ क्वार्टर आहेत त्यात."

तो डबा मी तीन दिवस बघत होतो. शुगर म्हणून हात लावला नव्हता.