नुसतं तोंड हलव

आज एका समूहगान स्पर्धेला परीक्षक म्हणून गेले होते. घरी आल्यावर चहासुद्धा टाकला नाहीये, आधी हे लिहितेय.

एका शाळेचा गट. सगळ्यांना सारखे फेटे. तिसऱ्या रांगेत डावीकडून दुसरा मुलगा, मिसरूड फुटलेलं. ओठ अगदी बरोबर हलत होते, पण गळ्याची घाटी जागची हलत नव्हती. सत्तावीस वर्षं पोरांसमोर हातवारे करतेय, गाणारा गळा मला लांबून कळतो. नंतर जिन्यात गाठलं त्याला. म्हणाला, "आवाज फुटलाय ना मॅडम, सर म्हणाले नुसतं तोंड हलव."

अरे, मग उभं कशाला केलंत त्याला? फेटा उरला होता म्हणून?

आता मी हे कुठल्या तोंडाने बोलतेय तेही सांगते. नोकरीचं चौथं वर्ष. नववीतला एक मुलगा, तार गंधार, म्हणजे वरच्या सप्तकातला ग, हसत हसत लावणारा. दिवाळीच्या सुट्टीनंतर आला तो भलताच घोगरा होऊन. काळी पाच पट्टीत मध्यमाच्या, म्हणजे म च्या, वर गेला की चिरकायचा. स्पर्धा आठवड्यावर आलेली. मी पेटीवरून मान वर न करता म्हटलं, "तू नुसतं तोंड हलव."

स्पर्धा झाली, ढाल आली. 'आता परत गा' हे त्याला सांगायचं मात्र मी विसरले. दहावी संपेपर्यंत तो रोज प्रार्थनेला ओठ हलवत उभा राहिला.

आणि प्रार्थना कुठली, तर 'ए मालिक तेरे बंदे हम'! वसंत देसाईंची चाल, 1957च्या 'दो आँखें बारह हाथ'मधली. त्या सिनेमात सहा खुनी कैदी आहेत. खुन्यांनासुद्धा प्रार्थनेत घेतलंय हो, आणि आमच्याकडे चौदा वर्षांच्या पोराला जागा नाही.

हो, माहितीये. गुण सुराला असतात, एक जण चिरकला तरी सगळ्या गटाचे जातात. आज तो चिरकला असता तर मीही कापलेच असते. पुढे बोला.

पुढे बऱ्याच वर्षांनी माझ्या डोक्यात प्रकाश पडला, की अशा मुलाकडे चार-पाच सूर शाबूत असतात. मंद्र पंचमापासून, म्हणजे खालच्या सप्तकातल्या प पासून, मधल्या सा पर्यंत. तेवढ्यातच बसेल अशी वेगळी ओळ बांधून दिली पोरांना. दोन निराळे सूर एकदम लावलेले बघून आमच्या गुरुजींनी कान पिळला असता. संगीतकार सलील चौधरींनी मुंबईत असेच निराळे सूर एकत्र गाणारं बॉम्बे यूथ कॉयर काढलं 1958 साली, आणि मला ही अक्कल यायला 2007 उजाडलं! पण वर मुली गात होत्या आणि खालून पोरांचा पंचम लागला, तेव्हा पेटीचा भाता मारायचंच राहून गेलं माझं. पेटी बंद, आणि गाणं चालूच.

त्या मुलाला ही ओळ मिळाली असती.

गेल्या जूनमध्ये तो शाळेत आला होता, मुलीच्या पाचवीच्या प्रवेशाला. टक्कल पडलंय. "बाई, हिला गाण्यात घ्या. मला काही कधी गाता आलं नाही." सहज म्हणाला, हसत. मी चष्मा पुसत बसले.

मुलगी पहिल्या रांगेत असते. सुराचा पत्ता नाही. सगळ्यांत मोठ्यांदा गाते.